लार्चच्या खोडात नोंदलेला पतंग

श्रोतेहो, नमस्कार. स्वित्झर्लंडमधील एंगाडिनच्या खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे १८०० मीटर उंचीवर, दर आठ-दहा वर्षांनी ऐन जुलैमध्ये लार्च वृक्षांची वनेच्या वने विटकरी पडत असत. हे काम ना वणव्याचे, ना दुष्काळाचे. पंखविस्तार जेमतेम दोन सेंटिमीटर असलेल्या एका करड्या पतंगाच्या अळ्यांचे ते असे. झायराफेरा ग्रिसियाना हे त्याचे शास्त्रीय नाव.

या पतंगाची मादी उन्हाळ्याच्या अखेरीस फांद्यांवरील दगडफुलाखाली अंडी घालते. हिवाळाभर अंडी तिथेच राहतात आणि वसंतात कळ्या उमलू लागल्या की अळ्या बाहेर पडतात. पूर्ण वाढलेली अळी धाग्यावरून जमिनीवर उतरते व पालापाचोळ्यात कोष करते. एका चक्रात अळ्यांची संख्या नीचांकापासून उच्चांकापर्यंत सुमारे ३०,००० पट वाढते, असे १९४९ पासूनच्या मोजणीत आढळले.

एवढे होऊनही झाड सहसा मरत नाही, ही मला यातील सर्वांत लक्षणीय गोष्ट वाटते. सूचिपर्णी असूनही लार्च दर शरद ऋतूत पाने झाडतो, त्यामुळे पानगळ त्याच्या सवयीची असते आणि ऑगस्टपर्यंत त्याला नवी पालवी फुटते. मात्र पुढच्या वर्षीची पाने आखूड व चरबट निघतात, त्यांवर अळ्या नीट पोसत नाहीत. त्यातच अळ्यांच्या शरीरात अंडी घालणाऱ्या परजीवी गांधीलमाश्या वाढलेल्या असतात, आणि पतंगांची संख्या कोसळते. पाने की माश्या, यांपैकी मुख्य कारण कोणते, यावर अभ्यासकांनी बराच वाद घातला. दोन्ही कारणे एकत्र काम करतात, हे मानणे मला अधिक सयुक्तिक वाटते.

पाने गेलेल्या वर्षी खोडातील वाढीचे वलय अरुंद आणि फिकट बनते. जिवंत झाडांतील आणि जुन्या घरांच्या तुळयांतील अशी वलये ताडून पाहणाऱ्या, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने या चक्राचा सुमारे १२०० वर्षांचा अखंड इतिहास मांडला. शीत शतके आली आणि उष्ण शतकेही आली, तरी चक्र मोडले नव्हते. १९८० च्या दशकापासून मात्र मोठे उद्रेक थांबले, आणि त्या अभ्यासकांनी याचा संबंध तापमानवाढीशी जोडला. पुढे २०१८ च्या सुमारास आल्प्समध्ये अळ्या पुन्हा मोठ्या संख्येने दिसल्या, तेव्हा चक्र संपल्याचा निष्कर्ष घाईचा होता की काय, ही चर्चा नव्याने सुरू झाली.