हे कशाचं कापलं?

नमस्कार, श्रोतेहो.

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातल्या एका गूळ अडत दुकानात मी बरीच वर्षं हिशेब लिहिला. सौदा झाला की शेतकऱ्याच्या हातात पट्टी पडायची. वर रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा किती, वजन किती, दर काय. खाली हमाली, तोलाई आणि आणखी काही कापून उरलेली रक्कम. बहुतेक जण शेवटचा आकडा बघून पट्टी खिशात घालत. एखादा मात्र ओळीवर बोट ठेवून विचारायचा, "दिवाणजी, हे कशाचं कापलं?" हमालीवरून वाद झालेला मला आठवत नाही, कारण हमाल समोरच घाम पुसत उभा असायचा. वाद व्हायचा तो ज्या ओळीमागचा माणूस दिसत नाही, त्या ओळीवरून.

सरकारनं कर किती घ्यावा आणि धंद्यात हात किती घालावा, यावर मला आज बोलायचंय. माझं सगळं अर्थशास्त्र या पट्टीवरून आलेलं आहे, हे आधीच सांगून टाकतो.

"सरकारनं बाजूला व्हावं, बाजार आपलं आपण बघून घेईल," असं म्हणणारे भेटले की मला शाहूपुरी आठवते. १८९५ साली शाहू महाराजांनी ती पेठ वसवली आणि कोल्हापूरच्या गुळाला हक्काचा बाजार मिळाला. १९०६ मध्ये शाहू मिलची पायाभरणी झाली. त्याच दशकात राधानगरीला भोगावतीवर धरण बांधायचं ठरलं. १९१८ च्या सुमारास ते काम अर्धवट थांबलं आणि स्वातंत्र्यानंतर पुरं झालं, पण आजही पावसाळ्यात स्वयंचलित दरवाजे उघडले की पंचगंगाकाठची माणसं रात्र जागून काढतात, ती त्याच धरणाकडं डोळे लावून. आपल्या उसाचा हिरवा रंग बाजारानं आपोआप दिलेला नाही. १९१७ ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं, तेही दरबारच्या हुकमानं.

पण हात घालायचे दोन प्रकार असतात. एक पाट काढून देणारा आणि दुसरा पाटाचं दार मनाला येईल तेव्हा उघडझाप करणारा.

दुसरा प्रकार आपल्या साखरेनं पुरेपूर भोगलाय. २०१३ पर्यंत कारखान्याला साखरेचा ठरावीक हिस्सा लेव्ही म्हणून बाजारभावापेक्षा कमी दरानं सरकारला द्यावा लागायचा. रंगराजन समितीच्या अहवालानंतर ती लेव्ही गेली. आडसाली ऊस घ्या. जुलै-ऑगस्टात लावला तर तोडीला यायला सोळा ते अठरा महिने लागतात. २०२२ च्या पावसाळ्यात लावलेला ऊस २०२३ च्या डिसेंबरात गाळपाला आला आणि ७ डिसेंबरला दिल्लीहून आदेश निघाला, उसाच्या रसापासून इथेनॉल करायचं नाही. आठवडाभरात त्यात थोडी सूट मिळाली, पुढच्या ऑगस्टात बंदी उठली. मधल्या काळात, सरकारच्याच आवाहनावरून कर्ज काढून इथेनॉलच्या आसवन्या उभारलेल्या कारखान्यांनी व्याज कुठून भरायचं? साखर महाग होऊ नये ही सरकारची काळजी मी समजू शकतो. शहरातल्या माणसाच्या चहाचाही प्रश्न असतो. पण नियम लावणीच्या आधी सांगावा, तोडीच्या वेळी नको. एवढी साधी गोष्ट पाळली तर निम्मी भांडणं मिटतील.

आता आपलं आपण बोलू. साखरेच्या विक्रीवर बंधन नको म्हणणारे आपणच, उसाला एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान दर, मिळालीच पाहिजे म्हणून रस्त्यावर बसतो. म्हणजे उसाचा दर घेताना नियंत्रण हवं आणि साखर विकताना नको. यात मला ढोंग दिसत नाही. ऊस तोडला की तो थांबत नाही, तासागणिक वजन आणि उतारा, म्हणजे त्यातून निघणारी साखर, घटते. अशा मालाचा शेतकरी कारखान्यापुढं कमजोरच असतो, त्याला कायद्याची काठी लागते. मात्र एक टोक बांधलं की दुसऱ्या टोकाकडं बघावं लागतं. साखरेचा किमान विक्रीदर २०१९ च्या फेब्रुवारीत किलोला ३१ रुपये केला. एफआरपी तेव्हा क्विंटलला २७५ होती, २०२४-२५ च्या हंगामाला ती ३४० झाली, आणि साखरेचा किमान दर तेव्हाही तिथंच, ३१ वर. एफआरपी ज्या उताऱ्यावर मोजतात तो पाया थोडा बदललाय हे खरं, पण गाडीचं एक चाक पुढं ओढून दुसरं खुंटीला बांधलं तर कोणता बैल चालेल?

कराचं सांगतो. फुलेवाडी नाका, शिरोली नाका ही जकातीच्या काळातली नावं अजून तोंडात आहेत. जकात म्हणजे ट्रकांची रांग, पावत्यांची घासाघीस आणि टेबलाखालचं जे असतं ते. २०११ ला ती गेली तेव्हा व्यापाऱ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. मग एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर आली, तिच्याविरुद्ध बंद झाले, २०१५ ला बहुतेक व्यापाऱ्यांची तीही सुटली आणि २०१७ पासून जीएसटी. धंद्याला हे बरं झालं, मी स्वतः वह्या लिहिल्यात म्हणून सांगतो. पण महापालिकेची रोजची कमाई गेली आणि ती मुंबईहून येणाऱ्या भरपाईकडं बघायला लागली. गटार तुंबलं तर नगरसेवकाला जाब विचारता येतो. अनुदानाचा हप्ता उशिरा आला तर कुणाला विचारायचं?

टोलचं आंदोलन श्रोत्यांपैकी बहुतेकांना पाठ असेल. शहरातले पन्नासेक किलोमीटर रस्ते, खर्च सव्वादोनशे कोटींच्या घरात, आणि त्यासाठी तीस वर्षं टोल. तोही महामार्गावर नव्हे, घरातून बाजारात जाताना! २०१३ ला वसुली सुरू झाली, २०१४ च्या जानेवारीत नाके पेटले. ऐंशी ओलांडलेले एन. डी. पाटील सर मोर्चाच्या पुढं चालायचे. २०१५ च्या डिसेंबरात टोल रद्द झाला आणि आपण गुलाल उधळला. मीही उधळला. पण रस्ते बांधणाऱ्या कंपनीचे पैसे राज्याच्या तिजोरीतून गेले, हे गुलाल झटकल्यावर लक्षात आलं. देणं संपलं नव्हतं, देणारे बदलले होते. कोल्हापूरच्या रस्त्याचा भार जालन्याच्या शेतकऱ्यानंही उचलला. तरी मी म्हणेन, चिडणं बरोबर होतं. तीस वर्षांचा करार आपल्या नावानं झाला आणि आपल्याला त्याची पट्टीसुद्धा कुणी दाखवली नव्हती.

शहराच्या हद्दवाढीचंही असंच. पाचगाव, उचगाव, कळंब्यातली माणसं शहरात येतात, केएमटीच्या बसमध्ये बसतात, मुलांना इथल्या शाळेत घालतात, पण महापालिकेत यायला तयार नाहीत. शहरवाले त्यांना फुकटे म्हणतात. मला तसं म्हणवत नाही. घरफाळा वाढणार हे त्यांना नक्की ठाऊक आहे. पाणी आणि गटार कधी येणार, ते कुणीच लिहून देत नाही.

आणि कर जास्त झाला की माणूस पायानं मत देतो. कागलच्या पलीकडं, कर्नाटकातल्या निपाणीत डिझेल स्वस्त असायचं, तेव्हा आपल्याकडचे ट्रकवाले टाकी तिकडं भरायचे. महाराष्ट्राचा वाढीव कर कागदावर राहायचा आणि मूळ करही हातचा जायचा. फौंड्रीवाले विजेच्या दरावरून कर्नाटकात जायची भाषा अधूनमधून करतात. भट्टी काही ट्रकची टाकी नव्हे, लगेच हलत नाही. पण नवी भट्टी कुठं टाकायची हे ठरवताना मालक सीमेपलीकडचं वीजबिल मागवून बघतोच.

लोक कर देतच नाहीत असं मात्र कुणी म्हणू नये. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, त्यांना रोजगार हमी काय होती ते ठाऊक आहे. त्या योजनेसाठी महाराष्ट्रानं १९७५ मध्ये व्यवसाय कर आणला. वर्षाला जास्तीत जास्त अडीच हजार. पगारदाराचे महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे कापतात. त्याच्याविरुद्ध आपल्याकडं नाके पेटलेले मी तरी पाहिले नाहीत. तो कशाला कापला जातो, हे तेव्हाच्या लोकांनी खडी फोडणाऱ्या बायकांकडं बघून ओळखलं होतं. आता माझ्या मुलाला फेब्रुवारीत तीनशे का जातात विचारलं, तर तो म्हणतो, "कॉम्प्युटरच कापतो."

महापालिकेकडं माझं एक मागणं आहे. घरफाळ्याच्या बिलाची मागची बाजू कोरी असते. तिथं गेल्या वर्षी आमच्या प्रभागातून किती गोळा झालं आणि प्रभागात काय काय केलं, तेवढं छापा. दहा-बारा ओळी पुरतील. मजकूर जुळवायला माणूस नसेल तर मी रिकामाच आहे, पट्टी लिहायची सवय अजून गेलेली नाही.

नमस्कार.