बीबीसीचा एक दिवस, साल 1951

मंडळी, आजच्या व्याख्यानासाठी बीबीसी रेडिओचा एक साधा, आडवारचा दिवस निवडलाय. साल मुद्दाम 1951 घेतलंय. युद्ध संपून सहा वर्षं झाली, तरी मांस, लोणी, साखर अजून रेशनवर. टेलिव्हिजन आला होता, पण थोड्याच घरांत. बाकीच्यांकडे व्हॉल्व्हचा एक रेडिओ, वर्षाला एक पौंडाचं लायसन्स आणि तीन केंद्रं: होम सर्व्हिस, लाइट प्रोग्रॅम आणि थर्ड प्रोग्रॅम. रात्री लक्झेंबर्ग लागायचं, पण ते देशाबाहेरचं. देशात रेडिओ म्हणजे बीबीसीच.

त्या दिवसाचा कार्यक्रम वाचताना वाटतं, काय ही सरमिसळ! बातम्या, प्रार्थना, बँड, शाळेचे धडे, विनोद, शेती. पण तो कागद आवडीनिवडीपेक्षा घड्याळ बघून आखलेला होता. कुठल्या वेळी घरात कोण असतं आणि त्याचे हात कशात गुंतलेले असतात, याचा तो हिशेब होता.

सकाळी होम सर्व्हिसवर बातम्या. युद्धाच्या काळात याच वेळेला स्वयंपाकघरासाठी ‘किचन फ्रंट’ लागायचं, रेशनमध्ये भागवायचं कसं ते सांगणारं. त्यात भारतीय शाकाहारी जेवणाबद्दल आपल्या कोल्हापूरकडच्या वेणू चितळे बोलल्या होत्या. लेखक जॉर्ज ऑर्वेल बीबीसीच्या पूर्वेकडच्या विभागात काम करत होते, तेव्हा त्या त्यांच्या सहकारी होत्या.

नऊ वाजून गेले, नवरा कामावर, पोरं शाळेत, की लाइटवर ‘हाउसवाइव्ज चॉइस’. बायका पोस्टकार्डावर फर्माइश पाठवायच्या आणि रेकॉर्ड लागायची. आता तुम्ही म्हणाल, मग दिवसभर रेकॉर्डच का नाही लावायच्या? त्याला मेख अशी, की रेकॉर्ड किती तास वाजवायच्या यावर ग्रामोफोन कंपन्यांशी केलेल्या कराराची मर्यादा होती, आणि वादकांची युनियनही आपल्या पोटापाण्यासाठी त्यावर अडून बसलेली. म्हणून उरलेल्या वेळात खरीखुरी वाद्यवृंदं येऊन वाजवायची. आज त्या काळच्या रेडिओचं एवढं कौतुक होतं, त्यातला बराचसा भाग या अडवणुकीने दिलेला आहे, असं माझं मत.

साडेदहाला ‘म्युझिक व्हाइल यू वर्क’, जून 1940 पासून चालू. हे कारखान्यासाठी. अर्धा तास सलग संगीत, मध्ये बडबड जवळजवळ नाही. आवाज एकसारखा ठेवायचा, कारण यंत्रांच्या घरघरीत हळू वाजलेलं बुडून जातं. फार संथ काही नको, हात मंदावतात. टेक्सासबद्दलचं एक अमेरिकी गाणं तर युद्धकाळात या कार्यक्रमातून वगळलं होतं. का? त्यात मध्येच चार टाळ्या आहेत. टाळ्यांच्या जागी कामगार हातातली हत्यारं आपटतील आणि काम राहील बाजूला, ही धास्ती! गाणं ऐकणाऱ्याच्या हातात काय आहे, इथपर्यंत विचार केलेला.

दुपारी पावणेदोनला लहान मुलांची गोष्ट आणि मग दोनला ‘वुमन्स अवर’. हा 7 ऑक्टोबर 1946 ला सुरू झाला, आणि पहिले निवेदक कोण? ॲलन आयव्हिमी नावाचे गृहस्थ! बायकांची बैठक आणि सूत्रं पुरुषाकडे. तो प्रकार फार दिवस टिकला नाही. पण कार्यक्रम पुढे असा धीट झाला, की पाळी जाण्याच्या वयातल्या त्रासाबद्दल भर दुपारी बोलणं झालं, आणि बीबीसीतल्याच वरिष्ठांना ते अवघडल्यासारखं झालं.

त्याच दिवशी, 7 ऑक्टोबर 1946 लाच, संध्याकाळच्या साहसमालिकेतला हेर डिक बार्टन जन्मला. पावणेसात वाजले की रस्त्यावरची पोरं घरात. पोरं बिघडतील अशी ओरड झाली, तेव्हा बार्टनने दारू पिऊ नये, शिवी देऊ नये असे लेखी नियम निघाले. 1951 मध्ये त्याची वेळ गेली ‘द आर्चर्स’ला. निर्माते गॉडफ्री बेझली. कल्पना बर्मिंगहॅमला शेतकऱ्यांबरोबरच्या बैठकीतून आली: शेतकऱ्यांसाठी एक डिक बार्टन हवा. अन्नाचा तुटवडा, उत्पादन वाढवायचं, म्हणून शेती खातंही सल्ल्याला होतं. रोज पंधरा मिनिटं एका काल्पनिक गावातलं कुटुंब, आणि त्यांच्या भांडणांतून, लग्नांतून बेमालूम पसरलेली शेतीची माहिती. सरकारी प्रचार इतका गोड कुणी केला असेल असं वाटत नाही. ते नाटक आजही चालू आहे.

रात्रीच्या विनोदात एक नवल होतं: ‘एज्युकेटिंग आर्ची’. शब्दभ्रमकार पीटर ब्रॉ आणि त्याची बाहुली. रेडिओवर! आपल्या पाध्यांचा अर्धवटराव नुसता कानाने ऐकायचा, अशी कल्पना करा. ओठ हलतात की नाही हे बघणारंच कुणी नाही. तरी कार्यक्रम तुफान चालला.

आणि सहानंतर थर्ड प्रोग्रॅम. बीबीसीचे प्रमुख विल्यम हेली यांच्या डोक्यात एक पिरॅमिड होता: तळाशी लाइट, मध्ये होम, शिखरावर थर्ड, आणि श्रोता हळूहळू वर चढेल. थर्डला घड्याळाचं बंधन नव्हतं. ऑपेरा लांबला तर लांबला, दोन कार्यक्रमांमध्ये शांतता राहिली तर राहिली. म्हणजे बाकी दोन केंद्रं ज्या गोष्टीवर उभी होती, तीच इथे काढून टाकलेली. जी बाई साडेदहाच्या बँडवर कपडे धूत होती, तिला सहानंतर रात्रीचं जेवण करायचं होतं. ती शिखर चढणार कधी? थर्डला श्रोते मूठभरच राहिले. 1957 मध्ये त्याची वेळ कापून जवळपास निम्मी केली, तेव्हा कवी टी. एस. एलियट यांच्यासारखे लोक निषेधाला उभे राहिले. कपात झालीच. मोकळ्या झालेल्या तासांत छंदिष्टांसाठी आणि परकी भाषा शिकणाऱ्यांसाठी कार्यक्रम लागू लागले.