वास फक्त चढालाच यायचा

गाडीखाली फरशीवर हा जो डाग दिसतोय ना, वाटीएवढा, हा आमच्या जिप्सीचा. 1997 ची मारुतीची जिप्सी किंग, कार्ब्युरेटरवाली, म्हणजे इंजिनाला पेट्रोल नि हवा मिसळून देणारा जुन्या पद्धतीचा भाग असलेली. हा डाग रोज पडला असता तर मी दुसऱ्याच दिवशी गॅरेज गाठलं असतं, पण तो यायचा आठ-दहा दिवसातून एकदा, मधले दिवस फरशी कोरडी ठणठणीत, मग माणूस काय करतो, विसरतो.

वासाचं पण तसंच. साताऱ्यातून यवतेश्वरचा घाट चढायला लागलं की मागच्या सीटवरचे ओरडायचे, पेट्रोलचा वास येतोय, आणि येताना तोच घाट उतरताना वासाचा पत्ता नाही. आई म्हणायची, तू गाडीच जुनी ठेवलीयस, वास येणारच.

एका गॅरेजवाल्यानं पेट्रोलच्या नळीची क्लिप बदलून दिली, दुसऱ्यानं टाकीच्या बुडाला एम-सीलचा गोळा चिकटवला, तोही पेट्रोलनं ओल्या असलेल्या पत्र्यावर! चार दिवसात तो गोळा च्युइंगमसारखा निघून हातात आला.

मग आम्ही गेलो या मिस्त्रींकडं. एमआयडीसीच्या कडेला शेड आहे, आयुष्य गेलंय जीपांखाली. पहिला प्रश्न त्यांनी विचारला तो असा, "टाकी किती भरलेली असताना गळती?" मी म्हणलं, लक्ष नाही दिलं. "मग गाडीकडं बघत नव्हतास तू, नुसता बसत होतास."

तर हे जरा नीट ऐका, कारण सगळी गंमत इथं आहे. जिप्सीची टाकी 40 लिटरची, मागच्या बाजूला फ्लोअरखाली. दोन परातींची तोंडं एकमेकींवर ठेवून कडा जोडल्यासारखी, म्हणजे मधोमध चारी बाजूनं जोड फिरलेला असतो. चीर त्या जोडावर असेल तर अर्ध्याच्या खाली पेट्रोल असताना सपाट जागेवर एक थेंब पण बाहेर येणार नाही. पण गाडी चढाला लागली की टाकीतलं सगळं पेट्रोल मागं सरकतं आणि मागच्या जोडापर्यंत चढतं. उतरताना पुढं जातं, मागचा जोड उघडा पडतो. म्हणजे चीर कुठाय हे घाटच सांगत होता मला, सहा महिने, आणि मी नळ्यांच्या क्लिपा बदलत बसलेलो.

खाली वाकून बघितलं तर थेंब मात्र गार्ड प्लेटच्या, म्हणजे टाकीला दगड लागू नये म्हणून खाली लावलेल्या पत्र्याच्या, पुढच्या कोपऱ्यातून पडत होता. पेट्रोल जोडावरून घरंगळत प्लेटवर येतं, प्लेटवरून पुढं वाहतं आणि जिथं भोक मिळेल तिथून पडतं. म्हणून एम-सीलवाल्यानं बूड धरलं, त्याची पण तशी चूक नाही.

मिस्त्रींनी गाडी शेडमधल्या, खाली उतरून काम करायच्या खड्ड्यावर घेतली नाही. बाहेर आंब्याखाली उभी केली. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खड्ड्यात जाऊन बसते आणि तिथं बल्ब नाहीतर ग्राइंडर चालू केला की झालंच. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली, मग कपड्यानं जोड पुसून कोरडा केला आणि शाळेत असतो तो खडू, त्याची पूड चोळली सगळीकडनं. टाकी काठोकाठ भरली. चहा येईपर्यंत माउंटिंगच्या बोल्टापाशी पांढऱ्यात एक करडी रेघ उमटली, नखाएवढी लांब, बघता बघता बोटाएवढी झाली. ही ती चीर.

रस्त्यात असं झालं तर काय? अंगाचा साबण. सुका साबण चिरेत घासायचा, पेट्रोलमध्ये तो विरघळत नाही, घरी पोचेपर्यंत टिकतो. बामणोलीत अडकलात तर हे लक्षात ठेवा, पण तेच काम पक्कं समजू नका.

टाकी उतरवली तर गार्ड प्लेटच्या मध्ये चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांच्या रस्त्यावरची लाल माती वाळून दगड झालेली, आणि एक बोल्ट गायब! बाकीच्यांवर टाकी लटकत होती, जांभ्यावर प्रत्येक दणक्याला ती त्याच एका कोपऱ्यात वाकायची. ओल धरून पत्रा पण खाल्लेला.

आता वेल्डिंग, आणि इथं मी म्हणलं, टाकी तर रिकामी आहे, मारा की. मिस्त्री हसले नाहीत. "भरलेली टाकी फार तर जळती, रिकामी मारती." बरोबर आहे ते. आत पेट्रोल नाही पण वाफ आहे, आणि हवेत ती 1.4 टक्क्यापासून साधारण 7.6 टक्क्यापर्यंत असली की ठिणगीची वाट बघत असते. भरलेल्या टाकीत हवाच नसते फारशी.

म्हणून गरम पाणी आणि धुण्याची पावडर, तीनदा. मग दोन दिवस तोंड उघडं ठेवून उन्हात. मग चीर वर येईल अशी टाकी उपडी करून जेमतेम चिरेखालपर्यंत पाणी भरलं, म्हणजे आत वाफेला जागाच नाही. गॅस वेल्डिंगची ज्योत 3000 अंशाच्या वर जाते, तिला या कामात बोलावलंच नाही. रेडिएटरवाल्याला बोलावलं, डाख द्यायला, म्हणजे कथील वितळवून जोड भरायला, डाख साधारण 200 अंशाच्या आत वितळतो.

हे काम बघण्यासारखं असतं. चिरेच्या दोन्ही टोकांना हातानं फिरवायच्या ड्रिलनं बारीक भोकं, म्हणजे चीर पुढं पळत नाही. पत्रा घासून चांदीसारखा. मग काचेच्या बाटलीतलं ॲसिड, त्यात जुन्या सेलच्या जस्ताचे तुकडे टाकून आधीच "मारून" ठेवलेलं, ते काडीनं लावलं की पत्र्यावर चर्र. भट्टी पार तिकडं कोपऱ्यात, तिथून तांब्याच्या ठोकळ्याचा तापलेला दांडा आणायचा, कथील फिरवायचं, परत भट्टी. वरनं पत्र्याचं ठिगळ, कोपरे गोल कापलेले, कारण टोकदार कोपऱ्यावरून पुढची चीर सुरू होते.

मग सायकलच्या पंपानं हलकी हवा आणि साबणाचं पाणी. कॉम्प्रेसर नाही, टाकी फुगून ठिगळच उडेल. बुडबुडा नाही.

मला वाटलं संपलं. मिस्त्रींनी माझ्याकडं टाकीचं झाकण मागितलं, फुंकून बघितलं. बंद. "झाकण उघडलं की फुस्स करायचं का?" हो, कायम! मी तर म्हणायचो, वा, किती टाइट बसतं. आणि लांब गेलं की गाडी गचके खायची, झाकण काढून लावलं की नीट, तेव्हा मी कार्ब्युरेटरला शिव्या घालायचो. झाकणातलं हवेचं छिद्र चिखलानं बुजलेलं होतं. पंप पेट्रोल ओढतो, आत हवा जात नाही, टाकीचा पत्रा आत खेचला जातो, झाकण काढलं की बाहेर येतो. आत-बाहेर, आत-बाहेर. तार वाकवून वाकवून तोडतो आपण तसं.

नळ्या पण नव्या टाकल्या, पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असतं, आपल्याच भागातल्या उसाचं म्हणून कौतुक आहे, पण जुन्या रबराला ते मानवत नाही.

हा शेवटचा शॉट कासच्या तलावापाशी. टाकी फुल्ल, अख्खा घाट चढून आलोय. जोडावरचा खडू पांढराच आहे. मी झाकण फिरवतोय, माइक जवळ धरलाय मुद्दाम.

काही ऐकू आलं का? नाही ना?