आधी शब्दशः लिहा
(इंदूर येथे सामान्य श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

डॉक्टरकी आणि नर्सिंग शिकणाऱ्या मुलांना मानसिक आजारांची देखभाल कशी शिकवावी, हा खरं तर कॉलेजातल्या बैठकीचा विषय. तो राजवाड्याजवळच्या या सभागृहात का घेतला, ते शेवटी कळेल. माझं तुमच्याकडे एक मागणं आहे.

मी स्वतः डॉक्टर आहे आणि या मुलांना शिकवते. मी दोन कागद आणले आहेत. एकाच सकाळचे, एकाच वॉर्डातले, एकाच खाटेवरच्या रुग्णाबद्दलचे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. सत्तरीच्या एक मराठी आजी, साखर खूप वाढली म्हणून दाखल झालेल्या. पहिला कागद एमबीबीएसच्या विद्यार्थ्याचा. त्यात आहे, ‘पेशंट को-ऑपरेटिव्ह. नो फ्रेश कम्प्लेंट्स.’ पुढे नाडी, बीपी, साखर, सगळं नीट. मुलगा मेहनती आहे, त्यानं काहीही चुकीचं लिहिलेलं नाही.

दुसरा कागद नर्सिंगच्या मुलीचा. नर्सिंगमध्ये ‘प्रोसेस रेकॉर्डिंग’ नावाची एक पद्धत आहे. रुग्णाशी झालेलं बोलणं आठवून जसंच्या तसं लिहायचं. रुग्ण काय म्हणाला, मी काय म्हणाले, आणि तेव्हा माझ्या मनात काय चाललं होतं. मुलींना याचा भारी कंटाळा येतो, वह्या भरायचं काम वाटतं. पण हे ऐका.

मी: आजी, जेवलात का?
आजी: हो.
मी: रात्री झोप लागली?
आजी: झोपेचं काय गं. पडून असते.
मी: काळजी करू नका, सगळं ठीक होईल.
आजी काही बोलल्या नाहीत. तोंड भिंतीकडे वळवलं.

आणि शेवटच्या रकान्यात, बारीक अक्षरात, ‘मला भीती वाटली.’

वर्गात आम्ही हा कागद तासभर वाचत बसलो. ‘पडून असते’ म्हणताना आजींनी दार किलकिलं केलं होतं. ‘सगळं ठीक होईल’ म्हणून आपणच ते लोटून घेतलं. त्या मुलीला हे मला सांगावं लागलं नाही. स्वतःचा कागद मोठ्यानं वाचताना ती त्या ओळीशी थांबली आणि म्हणाली, ‘मॅडम, मी इथे पळाले.’

दुसऱ्या दिवशी ती परत गेली. त्या दिवशीच्या कागदात आहे:

मी: काल तुम्ही म्हणालात, पडून असते. पडल्या पडल्या काय येतं मनात?
आजी गप्प. मीही गप्प. मी खाटेखालच्या डब्याकडे बघत होते. दोनेक मिनिटं.
आजी: वाटतं, देवानं आता न्यावं.
मी: आपणहून काही करून घ्यावं, असंही वाटतं का?
आजी: दोनदा वाटलं.

त्यानंतर तिनं सिस्टरना हाक मारली. सिस्टरनी डॉक्टरांना सांगितलं, मानसोपचार विभागाला निरोप गेला, उशाशी ठेवलेल्या गोळ्यांची पुरचुंडी ताब्यात घेतली, मुलाला बोलावून त्याच्याशी बोलणं झालं, नैराश्याचे उपचार सुरू झाले. याच आजी रोज राउंडला आलेल्या डॉक्टरांना ‘सब ठीक है’ म्हणत होत्या. आपल्या इंदुरी मराठी घरांतून ही गोष्ट तुम्हाला ओळखीची असेल. बाहेरचं सगळं हिंदीत चालतं, दुखणं मात्र घरच्या भाषेत येतं.

आता एक विसंगती सांगते, तीस वर्षं मला छळणारी. बी.एस्सी. नर्सिंगला मानसिक आरोग्य परिचर्या हा स्वतंत्र विषय आहे, स्वतंत्र पेपर आहे, त्यासाठी वॉर्डात ड्युटी आहे. एमबीबीएसला मानसोपचाराचा स्वतंत्र पेपर नाही. तो मेडिसिनच्या पोटात आहे. पोस्टिंग काही आठवड्यांची, इंटर्नशिपमध्ये दोन आठवडे. आणि मुलं हुशार असतात. पेपरात ज्याला मार्क कमी, तो धडा शेवटी वाचायचा, हे त्यांना कुणी सांगावं लागत नाही. म्हणजे हा विषय जास्त शिकते नर्स, आणि केसपेपरावर सही चालते डॉक्टरची. दोघं एका वॉर्डात काम करतात, पण शिकताना एका बाकावर कधी बसत नाहीत.

हा प्रश्न मानसोपचारतज्ज्ञ वाढवून सुटेल, असं काहींना वाटतं. वाढवावेत, जरूर. पण आपल्या देशात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही. २०१५–१६ साली बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. बारा राज्यांत झालं, त्यात आपलं मध्य प्रदेशही होतं. पाहणीच्या वेळी दहा टक्क्यांहून थोड्या अधिक प्रौढांना कुठला ना कुठला मानसिक आजार होता, आणि आजारागणिक ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. हे लोक कुठे असतात? मेडिसिनच्या ओपीडीत. ‘घबराहट होते’, ‘गॅस डोक्यात चढतो’, ‘हातपाय गळून जातात’ म्हणत ईसीजी काढून घेतात. बाळंतिणींच्या वॉर्डात असतात, बाळाकडे पाठ करून. तिथे त्यांना भेटतो तो साधा एमबीबीएस डॉक्टर आणि भेटते ती नर्स. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली सुरू झाला, जिल्हा पातळीवरचा १९९६ साली, तोही याच हिशेबावर: साध्या दवाखान्यातल्या माणसांना हे काम यायला हवं.

मला हे काम आलं नव्हतं. मी इंटर्न असतानाची गोष्ट. रुग्णालयाचं नाव घेत नाही, कारण तेव्हा कुठेही तसंच झालं असतं. कीटकनाशक प्यायलेली एक नवी नवरी रात्री आली. आम्ही पोट धुतलं, विषावरचं औषध ॲट्रोपीन दिलं, रात्रभर तिच्या बाहुल्या आणि नाडी बघत बसलो. ती वाचली. आम्हाला फार अभिमान वाटला. सहाव्या दिवशी डिस्चार्ज कार्ड मी लिहिलं, माझ्या हातानं. औषधं लिहिली, ‘आठ दिवसांनी दाखवणे’ लिहिलं. त्या सहा दिवसांत मी तिला एकदाही विचारलं नाही की बाई, तू हे का केलंस, आणि अजून तसं वाटतं का. दीड महिन्यानं ती परत आली, तेव्हा आम्हाला तिला वाचवता आलं नाही.

मी का विचारलं नाही? मला शिकवलंच नव्हतं, हे एक उत्तर आहे आणि ते खरं आहे. दुसरंही खरं आहे. मला वाटायचं, विचारलं तर तिच्या मनात नसलेला विचार आपण घालू. आजही वर्गात शंभर मुलांना विचारा, बहुतेक हेच म्हणतात. संशोधन याच्या उलट सांगतं. सरळ, शांतपणे विचारल्यानं धोका वाढत नाही. बहुतेकांना हायसं वाटतं, कारण इतके दिवस ते एकट्यानं सांभाळत असतात.

पण ‘विचारा’ एवढं सांगून भागत नाही. पायऱ्या शिकवाव्या लागतात. मरण आलं तर बरं, असं वाटतं का? आपणहून जीव द्यावा, असं मनात येतं का? कसं, ते ठरवलं आहे का? त्यासाठी लागणारी वस्तू घरात आहे का? ‘देवानं न्यावं’ असं आपल्याकडे म्हातारी माणसं सहज म्हणतात, आणि नुसतं म्हणणं आणि गोळ्या साठवणं यांत फार अंतर आहे. ते अंतर पुढच्या प्रश्नाशिवाय कळत नाही. नैराश्य तपासायची नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरतात, पीएचक्यू-९. तिचा नववा प्रश्न नेमका मरणाच्या विचारांबद्दलच आहे. मी मुलांना आठवा प्रश्न संपल्यावर कागद उलटवताना पाहिलं आहे. म्हणून आमच्याकडे नववा प्रश्न कागदात न बघता, रुग्णाकडे बघून, स्वतःच्या शब्दांत विचारायचा असा नियम आहे.

कायद्याची भीतीही काढावी लागते, मुलांची आणि नातेवाइकांचीही. घरचे अजून कुजबुजतात, ‘पोलीस केस होईल, गोळ्या चुकून खाल्ल्या असं लिहा.’ मानसिक आरोग्य देखभाल कायदा २०१७ सालचा, २९ मे २०१८ पासून लागू. त्याचं ११५ वं कलम सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरून चालायचं, त्याला शिक्षा करायची नाही, आणि त्याला उपचार आणि आधार देणं हे सरकारचं कर्तव्य आहे. १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारं जुनं ३०९ कलमही राहिलेलं नाही. वॉर्डात सही मेडिको-लीगल, म्हणजे पोलिसांना कळवायच्या, कागदावर होते म्हणून रुग्ण गुन्हेगार होत नाही, हे प्रत्येक इंटर्नला तोंडपाठ हवं. ते त्याला कॅज्युअल्टीत रात्री दोन वाजता, रडणाऱ्या सासऱ्याला समजावून सांगायचं असतं.

आता आम्ही काय करतो ते सांगते. एमबीबीएसचा एक आणि नर्सिंगची एक, अशी जोडी लावतो. दोघांनी एकाच रुग्णाशी बोलायचं आणि दोघांनी शब्दशः लिहायचं. सुरुवातीला डॉक्टर होणारी मुलं नाराज असतात. सारांश काढायची त्यांना इतकी सवय असते की रुग्णाचं वाक्य त्यांच्या हातून लिहिलंच जात नाही. ‘रडणं आलं’ असं लिहितात. मी विचारते, कुठल्या शब्दावर आलं? तेव्हा परत जातात. हिल्डेगार्ड पेप्लाऊ या अमेरिकन परिचारिकेनं १९५२ सालीच मांडलं होतं की नर्स आणि रुग्ण यांच्यातलं नातं हाच शुश्रूषेचा गाभा आहे. नर्सिंगच्या मुली हे परीक्षेत लिहितात. डॉक्टर मुलांना ते नाव ठाऊकही नसतं.

या जोड्यांमुळे एक गोष्ट झाली, तिचा मला मनापासून आनंद आहे. झाबुआ-अलिराजपूरकडचे रुग्ण आपल्याकडे खूप येतात. भिली बोलतात. आमच्या वर्गात तिकडचीच एक नर्सिंगची मुलगी होती, फार अबोल, मागच्या बाकावर बसणारी. तिकडची एक बाई वॉर्डात आठवडाभर कुणाशी बोलत नव्हती. ‘म्यूट’ असं लिहून मोकळे झालो होतो आम्ही. ही मुलगी तिच्या खाटेशी खाली बसली आणि भिलीत काहीतरी बोलली. त्या बाईनं मान वर केली. पुढचा अर्धा तास तिचा जोडीदार, एमबीबीएसचा मुलगा, वही धरून उभा होता आणि ही त्याला एकेक वाक्य हिंदीत सांगत होती. त्या दिवसापासून ती पुढच्या बाकावर बसू लागली.

आणि या मुलांच्या स्वतःच्या मनाचं काय? शब्दशः लिहिताना तेही बाहेर येतं. शेवटच्या रकान्यात एका मुलानं लिहिलं होतं, ‘हे सगळं मलाही होतं, पण मी डॉक्टर होणार आहे.’ तो रकाना मी वर्गात वाचून दाखवत नाही. एकटं बोलावते. आधी त्याच्याशी बोलते, त्याच्या कागदावर नंतर. सरकारची टेलि-मानस ही फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, नंबर १४४१६, फुकट आहे, चोवीस तास. तो मी पहिल्याच तासाला फळ्यावर लिहिते आणि वर्षभर पुसू देत नाही. तुम्हीही लिहून घ्या.

आता माझं मागणं. खऱ्या रुग्णाशी पहिल्यांदाच ‘मरावंसं वाटतं का’ असं विचारताना मुलांची जीभ अडखळते, आणि ते अडखळणं आजारी माणसाच्या वाट्याला येऊ नये. म्हणून आधी सराव हवा. त्यासाठी मला तुमच्यातले दहा-बारा जण हवे आहेत, रुग्ण होऊन बसायला. कुणाला काय होतंय ते आम्ही आधी सांगू, पण बोलायचं तुमच्या घरच्या भाषेत. मराठी, हिंदी, माळवी, काहीही. मुलगा घाईत असेल तर ‘सब ठीक है’ म्हणायचं. थांबला, गप्प बसला, तुमच्याकडे बघितलं, तरच पुढचं सांगायचं. नंतर त्याला सांगायचं की कुठल्या शब्दाला तुम्हाला बोलावंसं वाटलं आणि कुठल्या शब्दाला मन मिटलं.

ज्यांच्या घरात असं दुःख नुकतंच होऊन गेलं आहे, त्यांनी यात पडू नये. त्यांनी मला वेगळं भेटावं, मी इथेच थांबणार आहे. बाकीच्यांसाठी दाराशी टेबलावर वही ठेवली आहे. नाव, फोन, आणि घरी कुठली भाषा बोलता ते लिहा. मंगळवारी दुपारी तीनला सुरुवात. ज्यांना जिने चढवत नाहीत त्यांच्यासाठी आम्ही वर्ग खालच्या मजल्यावर घेतला आहे.