हुक कधी सोडायचा?

नमस्कार मंडळी. लोखंडी शेड उभारताना क्रेनचा हुक नगापासून कधी सोडायचा, ते आज बघू. आज साईटवर नाही, घरीच बसलोय, बडोद्याच्या दांडिया बाजारात. टेबलावर उदबत्तीच्या चार काड्या आणि रबरबँड आहेत. हसू नका. इथल्या मकरपुऱ्यात लोखंडी शेड उभ्या राहताना दिसतात ना, त्यांचं सगळं दुखणं या चार काड्यांत आहे.

हा बांधला चौकोन. वरच्या काडीला बोटाने ढकलतो... झाली शंकरपाळी! आता कोपऱ्यातून कोपऱ्यात एक दोरा तिरपा ताणतो. या बाजूने ढकललं तर हलत नाही. उलट ढकललं की दोरा सैल पडतो, म्हणून दुसराही हवा, फुलीसारखा. गणपतीचा मांडव घालणाऱ्याला हे कुणी शिकवावं लागत नाही. तिरपा बांबू बांधल्याशिवाय तो पुढचा मजला चढत नाही.

पूर्ण झालेल्या शेडचा वाऱ्यापाण्याचा हिशोब डिझाईनरने केलेला असतो. अर्धवट शेडचा हिशोब मात्र बहुतेक ड्रॉईंगवर नसतो, तो इरेक्शनवाल्यालाच, म्हणजे शेड उभी करणाऱ्यालाच करावा लागतो. कागद कितीही भरा, प्रश्न एकच: हा नग वर गेला, हुक सोडला, आता त्याला धरलंय कोणी?

म्हणून ज्या बेमध्ये, म्हणजे दोन फ्रेममधल्या ज्या गाळ्यात, ब्रेसिंग, म्हणजे त्या दोऱ्यांसारखे तिरपे आधार, आहे तिथूनच सुरुवात. चार कॉलम म्हणजे खांब, त्यांवर छताच्या दोन तुळया म्हणजे राफ्टर, राफ्टरना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या म्हणजे पर्लिन, फुल्या, ओळंबा, बोल्ट आवळले, मग पुढची फ्रेम. "आधी सगळे कॉलम उभे करून टाकू, क्रेनचं भाडं वाचेल," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय! गाय रोपशिवाय, म्हणजे ताणाच्या दोरांशिवाय, एकटा उभा कॉलम फक्त पायातल्या फाउंडेशन बोल्टांवर असतो. ते चार तरी हवेत. एका ओळीत दोनच असले तर कॉलम बिजागरीवरच्या दारासारखा वागतो. आणि कॉलमच्या तळाच्या बेस प्लेटच्या भोकात बसेना म्हणून कुणी बोल्ट गॅसने तापवून वाकवला असेल तर काम थांबवा, डिझाईनरला फोन करा. सिव्हिलवाला रागावेल, रागावू दे.

आता क्रेन. 14 टनाची हायड्रा, म्हणजे साईटवरची चाकांची क्रेन, 14 टन उचलते ती बूम, म्हणजे तिचा हात, आखूड आणि माल अगदी जवळ असताना. बूम लांबवली, माल दूर गेला की आकडा घसरतो. तो लोड चार्टमध्ये बघायचा, ड्रायव्हरच्या तोंडून नाही. नगाचं वजनही अंदाजाने नको. 1 चौरस मीटर प्लेट, 1 मिलिमीटर जाड, वजन 7.85 किलो. 10 मिलिमीटर असेल तर साडेअठ्ठ्याहत्तर. करा बेरीज, त्यात नग उचलायचे बेल्ट, ते जोडायची कडी म्हणजे शॅकल, आणि हुक ब्लॉक धरा.

बेल्टची गंमत बघा. 2 टनांचा राफ्टर दोन बेल्टवर लटकवला. बेल्ट आडव्या रेषेशी 60 अंशात असेल तर प्रत्येकावर साधारण 1.15 टन ताण. तेच 30 अंशात आखूड बांधले तर प्रत्येकावर 2 टन! राफ्टर तोच, बेल्ट तेच.

आणि जमीन. माझ्या सुरुवातीच्या एका साईटवर क्रेनचा आउटरिगर, म्हणजे बाजूला काढायचा आधाराचा पाय, फुटिंगच्या म्हणजे कॉलमच्या पायाच्या नुकत्याच बुजवलेल्या खड्ड्यावर आला. वरून माती छान दाबलेली दिसत होती. राफ्टर हवेत असताना तो पाय वीतभर खचला. माल बांधणारा रिगर "आरिया, आरिया", म्हणजे खाली घे, असं ओरडला, ड्रायव्हरने राफ्टर खाली टेकवला, कुणाला खरचटलंही नाही. पण ती वीत मी विसरलेलो नाही. बुजवलेले खड्डे चुन्याने आखून ठेवा, आणि आउटरिगरखाली जाड लाकडी फळ्या घाला. विटांचे तुकडे नकोत.

वाऱ्याबद्दल बडोदेकरांना काय सांगायचं! उत्तरायणला पतंग घेऊन आपण तोंड वर करून ज्याची वाट बघतो, तो इथे नको असतो. क्रेनच्या पुस्तकात वाऱ्याची मर्यादा लिहिलेली असते, ती पाळा, आणि लांब नगाला दोन्ही टोकांना खालून धरायला दोरी बांधा.

वर चढणाऱ्याला सेफ्टी बेल्ट दिला, पण अडकवायचा कशाला? लाईफलाईन, म्हणजे तो अडकवायची दोरी, राफ्टर जमिनीवर असतानाच बांधा. दोन हुकांचा हार्नेस म्हणजे अंगावरचा पट्टा हवा, एक सुटला की दुसरा लागलेला. आपल्याकडे पोलादी बांधकाम उभारण्याच्या सुरक्षेसाठी आयएस 7205 हा कोड 1974 पासून आहे. साईट ऑफिसात तो कुणाच्या टेबलावर दिसला तर मला कॉमेंटमध्ये कळवा.

तर हुक कधी सोडायचा? अमेरिकेतल्या ओशाचा, म्हणजे तिथल्या कामगार-सुरक्षा खात्याचा, नियम म्हणतो, प्रत्येक जोडाला किमान दोन बोल्ट आवळल्यावर. लांब राफ्टरला तेवढ्याने भागत नाही. आधीच्या फ्रेमला बांधणाऱ्या किती पर्लिन लागल्यावर सोडायचा, हे डिझाईनरकडून आकड्यात लिहून घ्या.

संध्याकाळी सहा वाजता एकच राफ्टर उरलेला असतो आणि सगळे म्हणतात, "एवढा चढवूनच जाऊ." पर्लिन लावायला उजेड नाही. तो राफ्टर रात्रभर जमिनीवरच राहू दे.