कडा बघून घ्या

[पुणे, भवानी पेठ. टिंबर मार्केट. टेम्पोतून शीट उतरतायत.]

8 बाय 4 फूट. जाडी 19 मिलिमीटर. चांगल्या प्लायची अशी एक शीट साधारण 35 किलो भरते. एक हात खालच्या कडेला, दुसरा वर, शीट खांद्याला टेकलेली. समोरून येणारी दुचाकी चुकवत हमाल थेट गोदामात शिरतो. वारा असला की एवढ्या रुंद शीटला तो चांगलाच लागतो, म्हणून गल्लीच्या तोंडाशी पावलं जरा आखडतात.

याच बाजारात एकेकाळी सागाचे ओंडके उतरायचे. वाड्यांचे खांब, तुळया, चौकटी, महिरपी, सगळं भरीव लाकडाचं. आता दुकानादुकानांत प्लाय, ब्लॉकबोर्ड, एमडीएफ, पार्टिकल बोर्ड, फ्लश डोअर आणि भिंतीला उभ्या लावून ठेवलेल्या मोल्डिंगच्या पट्ट्या. घेणारे दोन प्रकारचे. एक बिल्डर, तो फोनवर ट्रक मागवतो. दुसरा घरमालक, तो सुतारानं लिहून दिलेली यादी हातात धरून गल्लीत वाट शोधत येतो. ही फिल्म मुख्यतः त्या दुसऱ्यासाठी आहे.

[दुकान. काउंटरवर प्लायचे कापलेले नमुने.]

"शेठ, शीट केवढ्याला?" इथे बोलणं सुरू होतं ते या प्रश्नानं. मग शीटच्या तोंडावरून हात फिरतो. गुळगुळीत, लालसर, छान. पण हे तोंड म्हणजे वरचा अर्ध्या मिलिमीटरच्याही आतला पापुद्रा. पैसे मोजायचे असतात खालच्या थरांसाठी, आणि ते दिसतात फक्त कडेला. ही कडा वाचता यायची तर शीट बनते कशी ते आधी बघायला हवं.

[यमुनानगर, हरियाणा. पॉपलरने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग.]

यमुनानगर आणि जगाधरी, हरियाणातली ही जोडशहरं. पहाटेपासून ट्रॉल्या लागतात. ट्रॉलीत पॉपलर, आणि तो जंगलातला नाही, शेतातला. झाड मूळचं अमेरिकेतलं. 1980 च्या दशकात विमको या आगपेटीच्या कंपनीनं काड्यांच्या लाकडासाठी उत्तरेकडच्या शेतकऱ्यांना त्याची रोपं दिली. पाच-सात वर्षांत झाड कापणीला येतं. हिवाळ्यात त्याची पानं गळतात, त्यामुळे खाली गव्हाला ऊन मिळतं. एकाच शेतात गहूही निघतो आणि लाकूडही.

[पीलिंग मशीन. फिरता ओंडका, पात्यातून बाहेर पडणारा पातळ ताव.]

साल काढलेला ओंडका दोन्ही टोकांना धरून गरगर फिरवतात, वर धारदार पातं टेकवतात, आणि कापडाचं ठाण उलगडावं तसं लाकूड उलगडत बाहेर येतं. सलग, ओलं, दीड-दोन मिलिमीटर जाडीचं. याला विनिअर म्हणतात.

[मोकळं मैदान. नजर जाईल तिथवर वाळत घातलेले विनिअर.]

हे ओले ताव उन्हात वाळतात. कारखान्याभोवतीच्या मोकळ्या जागेत बायका-पुरुष ओळीनं ते मांडतात, दुपारी उलटतात, संध्याकाळी गोळा करतात. आभाळ भरून आलं की सगळे धावतात. ओल राहिलेला ताव गरम प्रेसमध्ये गेला तर आतल्या पाण्याची वाफ होते आणि थर सुटतात. म्हणजे पुण्यातल्या स्वयंपाकघरातली शीट फुगणार की टिकणार, याचा अर्धा निकाल या मैदानातच लागतो.

[कोअर जुळवणारे कामगार. डिंकाचे रोलर. हॉट प्रेस.]

वाळलेल्या तावांना डिंक लागतो आणि ते एकावर एक बसतात. एका थराचे तंतू उभे, पुढच्याचे आडवे, त्यामुळे शीट कुठल्याही एका बाजूला सहज वाकत नाही की चिरत नाही. थरांची संख्या नेहमी विषम. आतले ताव तुकड्यातुकड्यांनी जुळवलेले असतात. दोन तुकड्यांत फट राहिली की तो गॅप, एकावर दुसरा चढला की ओव्हरलॅप. मग शंभर अंशांच्या वर तापलेली प्रेस सगळं दाबून एकजीव करते आणि वरून देखणं तोंड चिकटतं. हे तोंड पूर्वी म्यानमारच्या गर्जन या झाडाचं असायचं. म्यानमारनं एप्रिल 2014 पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली, तेव्हापासून आफ्रिकेतल्या गॅबॉनच्या ओकुमे या झाडाचं विनिअरही येऊ लागलं. गॅप झाकायला मात्र कुठलंही तोंड चालतं.

[जुन्या चहाच्या पेट्या. आसामचा नकाशा.]

प्लायचा धंदा मुळात यमुनानगरचा नाही. आसामात चहाच्या पेट्यांसाठी तो वाढला, तिथल्या जंगलांवर. 12 डिसेंबर 1996 रोजी जंगलतोडीविषयीच्या गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ईशान्येकडच्या सात राज्यांतून लाकूड बाहेर नेण्यावर बंदी घातली, अरुणाचलातल्या तिरप आणि चांगलांग जिल्ह्यांतल्या प्लाय आणि विनिअर गिरण्या बंद करायला लावल्या. अनेक गिरण्या थंडावल्या आणि धंदा शेतातल्या लाकडाकडे वळला. उत्तरेत यमुनानगरचा पॉपलर, दक्षिणेत केरळात पेरुम्बावूरचं रबराचं लाकूड. चीक कमी झालेली रबराची म्हातारी झाडं पूर्वी चुलीत जायची, आता ती प्लायच्या पोटात जातात. प्लाय म्हणजे जंगलतोड, असं सरसकट बोलणाऱ्यांनी या ट्रॉल्या एकदा बघाव्यात.

[पुन्हा भवानी पेठ. दुकानदार शीट आडवी करून कडा दाखवतो.]

आता ही कडा बघा. थर सरळ, सारख्या जाडीचे, मध्ये कुठे काळी पोकळी नाही. ही दुसरी शीट, तोंड हिच्याहून देखणं. पण कडेला इथे फट, इथे ओव्हरलॅप, आणि इथे भुसा आणि डिंक भरून लिंपलेलं. हा दुकानदार दोन्ही शीट शेजारी ठेवतो आणि गिऱ्हाइकाच्या हातात जाडी मोजायचा कॅलिपर देतो. 19 ची म्हणून विकलेली शीट 17 भरली, हे आमच्या कॅमेऱ्यासमोर दिसलं. असा दुकानदार शोधावा आणि त्याला चार पैसे जास्त द्यावेत.

कडेनंतर शिक्का. बाजारात ज्याला मरीन म्हणतात त्याचं भारतीय मानक आयएस 710. या प्लायचे तुकडे उकळत्या पाण्यात 72 तास ठेवून तपासतात. ज्याला कमर्शियल म्हणतात, तो आयएस 303 मधला एमआर, म्हणजे थोडी ओल सोसणारा. त्याची चाचणी 60 अंशांच्या पाण्यात, तीन तास. मानकाचा आकडा नसेल तर शीटवर नुसतं 'वॉटरप्रूफ' छापण्याला काडीचीही किंमत नाही. आयएसआय चिन्हाखालचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाइल ॲपमध्ये टाकला की कारखान्याचं नाव येतं. दुकानात उभ्या उभ्या होणारं काम आहे.

[पाण्याची बादली. त्यात एमडीएफ आणि प्लायचे तुकडे.]

रात्रभर बादलीत ठेवलेला साध्या एमडीएफचा हा तुकडा. कडा फुगून मऊ पडलीय. हे बघून लोक म्हणतात, एमडीएफ भिकार. हे बरोबर नाही. एमडीएफ म्हणजे लाकडाचा बारीक तंतू डिंकात दाबून केलेला बोर्ड. त्याला ना गाठ, ना रेषा, ना गॅप. रंगवायच्या दारासाठी, कपाटाच्या नक्षीदार पल्ल्यासाठी याच्याइतकं सपाट दुसरं काही मिळत नाही. "ताई, हे सिंकखाली लावू नका, बेडरूमला लावा," असं जो सांगतो, तो माल विकूनही गिऱ्हाइकाचं भलं करतो. कोकणात आणि गोव्यात घर असेल तर हे दुप्पट काळजीनं ऐकायचं. तिथे पावसाळ्यात भिंतीच ओल धरतात.

[मोल्डिंग मशीन. एका बाजूनं सपाट पट्टी आत, दुसरीकडून घडीव गोलाई बाहेर. पांढरा प्रायमर.]

आणि हे मोल्डिंग. एमडीएफची पट्टी मशीनमध्ये जाते, फिरती पाती तिला घाट देतात, लगेच प्रायमर बसतो. भिंतीच्या पायथ्याचं स्कर्टिंग, दाराभोवतीची पट्टी, छताची कॉर्निस, सगळं रनिंग फुटावर विकलं जातं. शीट 8 फुटांची, म्हणून पट्टीही बहुधा 8 फुटांचीच. खोलीचा परीघ मोजून नेमकं तेवढंच घेऊ नये. कोपऱ्यात पंचेचाळीस अंशांचा कट येतो, पट्टी वाया जाते, आणि नंतर आणलेल्या पट्टीचा घाट जुन्याशी जुळेलच असं नाही.

[सुतार. गुण्या लावून कट तपासतोय.]

पुण्याच्या भिंती क्वचितच काटकोनात असतात. हा सुतार आधी गुण्या लावतो, मग कट थोडा कमी-जास्त करतो, पट्टी कोरडी बसवून बघतो आणि मगच फेव्हिकॉल लावतो. सागाची पट्टी असती तर रंध्यानं केसभर काढता आली असती. एमडीएफला रंधा मारला की कड दुखावते, म्हणून इथे सगळी मदार पहिल्या कटावर.

[बोर्ड कापणारी करवत. धूळ.]

कापताना उडणारी ही बारीक धूळ आणि डिंकातून सुटणारा फॉर्मल्डिहाइड, दोन्ही श्वासात जातात. फॉर्मल्डिहाइडला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 2004 मध्ये कर्करोगकारक ठरवलं. ई-1 किंवा ई-0 दर्जाचा, म्हणजे फॉर्मल्डिहाइड कमी सोडणारा बोर्ड मागावा, नवं फर्निचर आल्यावर खिडक्या उघड्या ठेवाव्यात, आणि सुतारानं मास्क लावावा.

[काउंटर. बिल लिहिलं जातंय.]

राहिला भाव. यादी सुतारानं दिली असेल, तर काही दुकानांत त्याचं कमिशन त्या भावात धरलेलं असतं. म्हणून घरमालकानं एकदा तरी स्वतः बाजारात यावं. बिल पक्कं घ्यावं. कच्च्या पावतीवर 18 टक्के जीएसटी वाचतो, पण शीट सुटली तर कंपनी दारात उभं करत नाही. बिलावर नुसतं 'प्लाय 19' नको. कंपनीचं नाव, आयएसचा आकडा, ग्रेड, जाडी आणि शीटची संख्या लिहून घ्यावी. टेम्पो घरी आला की उतरवण्याआधी प्रत्येक शीटचा शिक्का बिलाशी ताडून बघावा, कारण एकदा सनमायका चिकटला की तो शिक्का पुन्हा दिसत नाही.