तिघांचा नंबर एक

(पहाट. मोंढ्याच्या रस्त्यावर टेम्पो-ट्रॅक्टरची रांग, सोयाबीनचे कट्टे.)

दसऱ्याच्या सुमाराला लातूरच्या मोंढ्याकडे जाणारे रस्ते असे भरून वाहतात. औसा, निलंगा, रेणापूर, कुठून कुठून गाड्या येतात. इथल्याच एका खरेदीदाराच्या वजनकाट्यासाठी आम्ही तिघांनी टोकनचं वेब ॲप केलं. रात्री आठला नोंदणी उघडायची. शेतकऱ्यानं घरूनच नंबर घ्यायचा आणि त्या हिशेबानं गाडी काढायची.

त्या सकाळी काट्यावर तीन गाड्या आल्या. तिघांच्याही मोबाइलवर एकच टोकन: नंबर १.

निलंग्याकडचे एक काका मला म्हणाले, "लेकरा, रात्री दोनला निघालाव आम्ही. आता तूच सांग, पहिला कोण?"

मी मान खाली घातली.

(लॅपटॉपचा पडदा.)

चूक आमचीच होती. एरवी एक सर्व्हर पुरायचा, म्हणून पुढचा नंबर आम्ही त्याच्याच मेमरीत ठेवला होता. हंगामाची गर्दी वाढली तशी क्लाउडनं आणखी दोन सर्व्हर उभे केले. तशी सोय आम्हीच करून ठेवली होती. लोड बॅलन्सर आलेलं काम तिघांत वाटत राहिला. एका आडतीवर तीन मुनीम बसावेत, तिघांच्या वह्या वेगळ्या, आणि तिघांनीही एकपासून लिहायला घ्यावं, तसं झालं.

मग नंबर सगळ्यांच्या सामायिक डेटाबेसमध्ये नेला. वाटलं, मिटलं. दुसऱ्या दिवशी ११३ नंबर दोघांना गेला. एका सर्व्हरनं ११२ वाचला, तो ११३ लिहिणार तेवढ्यात दुसऱ्यानंही ११२ च वाचला. वाचणं आणि लिहिणं यांच्यामध्ये काही मिलिसेकंदांची फट होती, आणि रात्री आठला शेकडो बोटं एकदम बटणावर पडतात. आता सर्व्हर नंबर वाचून वाढवत बसत नाहीत. एक वाढवून दे, एवढाच हुकूम डेटाबेसला जातो. तेवढ्यापुरती डेटाबेसमधली ती नंबराची ओळ कुलूपबंद होते, बाकीचे थांबतात.

(शेताचा बांध. मोबाइल उंच धरलेला हात.)

रेंजचा त्रास वेगळाच. नंबर लागलेला असतो, पण उत्तर वाटेत हरवतं. माणूस पुन्हा बटण दाबतो आणि एका गाडीची दोन टोकनं निघतात. म्हणून प्रत्येक मागणीला मोबाइलवरच एक खूण चिकटवली. तीच खूण पुन्हा आली, तर आधीचाच नंबर परत जातो.

ॲपमधल्या सोयाबीनच्या भावाच्या फलकाला मात्र एवढी कडक शिस्त लावली नाही. तो रेडिसमध्ये, म्हणजे झटपट वाचता येणाऱ्या तात्पुरत्या साठ्यात असतो. मिनिटभर जुना दिसला तरी चालतं, काट्यावर जाईपर्यंत ताजा होतो.

राहिला एक प्रश्न. डेटाबेसशी संपर्कच तुटला तर? संगणकशास्त्रज्ञ एरिक ब्रूअर यांनी २००० साली मांडलं आणि गिल्बर्ट व लिंच यांनी २००२ साली सिद्ध केलं, की नेटवर्क तुटल्यावर सगळीकडे एकच खरी माहिती आणि प्रत्येक मागणीला उत्तर, या दोन्ही गोष्टींची हमी देता येत नाही. एक सोडावी लागते. आम्ही उत्तर सोडलं. अशा वेळी नंबर दिला जात नाही. मोबाइलवर मोठ्या अक्षरांत एवढंच येतं:

"नंबर मिळालेला नाही. गाडी काढू नका."